टाक्यांवरून मोजलेली शस्त्रक्रिया

"फार कापाकापी नाही ना?" ऑपरेशन म्हटलं की घरच्यांच्या तोंडून आधी हाच प्रश्न निघतो. आजार कोणता, धोका किती, पुढे काय, हे सगळं नंतर. यात त्यांची चूक नाही. दुर्बिणीतून, बिनटाक्याचं, छोट्याशा भोकातून, असे शब्द ऐकून ऐकून आपल्या मनात एक मोजपट्टी पक्की बसली आहे: चीर लहान म्हणजे ऑपरेशन लहान. पित्ताशयापुरती ही मोजपट्टी बरीच खरी ठरली. महाधमनीच्या कमानीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या वळणाच्या) बाबतीत मात्र ती दिशाभूल करते. ही दिशाभूल रुग्णांच्या बोलण्यापुरती राहिली असती तर हा लेख लिहिला नसता. पण कोणतं ऑपरेशन कुठे व्हावं, कोणी करावं आणि त्याचा हिशेब कोणी ठेवावा, हे ठरवतानाही हीच पट्टी वापरली जाते.

आधीच सांगतो, मी हायब्रिड शस्त्रक्रियेच्या, म्हणजे थोडं बाहेरून कापून आणि थोडं धमनीच्या आतून नळी टाकून कमान दुरुस्त करण्याच्या, विरोधात नाही. (तिला संकरित म्हणता येईल, पण संकरित म्हटलं की बियाणं आठवतं, म्हणून हायब्रिडच म्हणू.) ज्यांना पूर्वी "तुमच्या शरीराला हे झेपणार नाही" असं सांगून घरी पाठवलं जाई, त्यांतल्या अनेकांना तिच्यामुळे वाट मिळाली. माझी तक्रार तिला लावलेल्या "कमी त्रासाची" या विशेषणाबद्दल आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी आधी वर चढते, मग छडीच्या मुठीसारखी मागे आणि डावीकडे वळते आणि कण्याच्या कडेने खाली उतरते. त्या वळणातून तीन फांद्या फुटतात. पहिली उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त देते, दुसरी मेंदूच्या डाव्या बाजूला, तिसरी डाव्या हाताला. हाताकडे जाणाऱ्या या धमन्यांतूनच मेंदूच्या मागच्या भागाला आणि मज्जारज्जूच्या वरच्या भागालाही रक्त जातं, म्हणून तिसऱ्या फांदीला "हाताची तर आहे" म्हणून बंद करून टाकता येत नाही. कमान फुग्यासारखी फुगते किंवा तिच्या भिंतीचे पापुद्रे सुटून मध्ये रक्त शिरतं. फुगलेली कमान साधारण ५.५ सेंटिमीटरला पोचली की फुटण्याचा धोका ऑपरेशनच्या धोक्याहून जड होतो, असं सध्याचं मार्गदर्शन मानतं.

पोटातल्या महाधमनीला चिमटा लावून रक्त थोडा वेळ अडवता येतं. पाय वाट पाहू शकतात, मेंदू पाहू शकत नाही. नेहमीच्या तापमानाला त्याला चारपाच मिनिटंच मिळतात आणि कमान शिवायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. कमानीच्या शस्त्रक्रियेचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो. मायकेल डिबेकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मेंदूला वेगळ्या नळ्यांनी रक्त देत कमान बदलण्याचं यश जाहीर केलं, पण ही पद्धत इतकी किचकट होती की ती फार थोड्यांच्या हाती राहिली. १९७५ मध्ये रँडल ग्रीप यांनी चार रुग्णांवर वेगळा मार्ग दाखवला. शरीर हृदय-फुप्फुस यंत्राने (हृदय आणि फुप्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्राने) गार करत १८ अंशांच्या आसपास न्यायचं, रक्ताभिसरण पूर्ण थांबवायचं आणि त्या शांततेत शिवायचं. गारठलेल्या मेंदूची भूक इतकी उतरते की साधारण अर्धा तास तो तग धरतो. छाती उघडी, हृदय थांबलेलं, यंत्रही थांबलेलं आणि भिंतीवरचं घड्याळ चालू, असा तो अर्धा तास. पुढे मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांतून थेट रक्त देत राहण्याची पद्धत सुधारली आणि इतकं गार करण्याची गरजही कमी झाली. आता बऱ्याच ठिकाणी २० ते २८ अंशांच्या मधे काम भागतं. उघड्या शस्त्रक्रियेला "जुनी" म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी हे विसरू नये. तीही दरम्यान थांबलेली नाही.

कमान बदलली तरी तिच्या पुढची, छातीत उतरणारी महाधमनी अनेकदा आजारी असतेच. तिथे समोरून हात पोचत नाही. यावर हॅनोव्हरच्या हान्स बोर्स्ट यांनी १९८३ मध्ये एक युक्ती मांडली. कृत्रिम नळीचं एक टोक खालच्या धमनीत मोकळं लोंबत ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या ऑपरेशनला तेच टोक पकडून पुढचं काम करता येईल. दिसायला ते हत्तीच्या सोंडेसारखं, म्हणून नावही तेच पडलं. अडचण वेगळीच निघाली. पहिल्या ऑपरेशनमधून उठलेले बरेच रुग्ण दुसऱ्यासाठी आलेच नाहीत. कोणी थकले, कोणी घाबरले, कोणाची धमनी मधल्या काळातच फुटली. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, अशी गत. या प्रकरणाचा धडा मला तांत्रिक वाटत नाही. दोन टप्प्यांचा उपचार कागदावर कितीही सुबक दिसो, दुसऱ्या टप्प्यापर्यंत रुग्णाला पोचवणं हा उपचाराचाच भाग असतो आणि तो कुणाच्याच कामाच्या यादीत नसतो.

दुसरा प्रवाह रक्तवाहिनीच्या आतून आला. निकोलाय वोलोदोस यांनी १९८७ मध्ये खार्किवमध्ये छातीतल्या महाधमनीत आतून नळी बसवली. पाश्चात्त्य जगाला त्याची दखल घ्यायला बराच काळ लागला. हुआन पारोदी यांनी १९९० मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये पोटातल्या महाधमनीसाठी तेच केलं आणि १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांच्या गटाने छातीतल्या महाधमनीतल्या स्टेंट-ग्राफ्टचे, म्हणजे तारांच्या सांगाड्याने ताठ केलेल्या कापडी नळीचे, अनुभव प्रसिद्ध केले. जांघेतल्या धमनीतून मिटलेली नळी वर न्यायची आणि जागेवर उघडायची. ही नळी शिवलेली नसते, ती दाबाने टेकलेली असते. त्यामुळे तिला दोन्ही टोकांना निरोगी धमनीचे साधारण दोन-दोन सेंटिमीटर लागतात. कमानीत नेमकी तिथेच पंचाईत होते, कारण टेकायला जागा असते तिथेच मेंदूच्या फांद्यांची तोंडं असतात. नळी उघडली की तोंडं बंद.

हायब्रिड शस्त्रक्रिया म्हणजे या पेचावरचा तोडगा. आधी फांद्या दुसरीकडे हलवायच्या, मग मोकळ्या झालेल्या कमानीत आतून नळी टाकायची. १९९० च्या दशकाच्या शेवटी असे पहिले प्रयत्न प्रसिद्ध झाले. कल्पना खरोखर देखणी आहे. मेंदूचा रक्तपुरवठा जवळपास एक क्षणही न थांबवता कमान आतून बदलली जाते.

मात्र "हायब्रिड" या एकाच शब्दाखाली काय काय भरलं आहे ते पाहू. एका रुग्णाच्या फक्त मानेवर चीर देऊन तिसरी फांदी दुसरीला जोडतात, छाती उघडतच नाहीत. दुसऱ्याच्या छातीचं हाड मधोमध कापतात आणि चढत्या महाधमनीवर नवी नळी शिवून तिन्ही फांद्या तिच्यावर आणतात, पण हृदय थांबवत नाहीत. तिसऱ्याची चढती महाधमनीच आजारी असते, म्हणून ती आधी बदलावी लागते, म्हणजे हृदय-फुप्फुस यंत्र आलं. चौथ्याची अख्खी कमान गार करून, रक्ताभिसरण थांबवून बदलतात आणि खालच्या धमनीत तारांनी ताठ केलेली सोंड सोडतात. जपानमध्ये मासाआकी कातो यांच्या गटाने १९९६ मध्ये या दिशेचे अनुभव मांडले आणि पुढे तिला "गोठलेली सोंड" हे नाव मिळालं. ही चौथी शस्त्रक्रिया शरीराला पडणाऱ्या भाराच्या दृष्टीने पूर्ण उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा तसूभरही लहान नाही. तिचा फायदा तिसराच आहे. बोर्स्ट यांच्या रुग्णांचं राहून जाणारं शेपूट ती पुष्कळदा एकाच फेरीत उरकते, किंवा निदान दुसऱ्या फेरीतल्या आतल्या नळीला टेकायला भक्कम जागा तयार ठेवते.

मानेवरच्या चार इंचांच्या चिरेपासून ते थांबवलेल्या रक्ताभिसरणापर्यंत सगळ्याला एकच नाव असेल, तर "हायब्रिडचे निकाल चांगले आहेत" या वाक्याचा अर्थ काय लावायचा? कोणत्या हायब्रिडचे? हा शब्दांचा कीस नाही. रुग्ण माहितीपत्रकात पहिल्या प्रकारचं वर्णन वाचून येतो आणि संमतिपत्रावर चौथ्या प्रकारासाठी सही करतो, असं घडू शकतं. त्याला कोणी फसवलेलं नसतं. फक्त शब्द फार रुंद असतो.

आता त्रासाकडे येऊ. उघड्या शस्त्रक्रियेत मेंदूला धोका असतो तो रक्त कमी पडण्याचा. हायब्रिडमध्ये रक्त चालू राहतं, पण आजारी कमानीतून तारा आणि जाडजूड नळ्या सरकवाव्या लागतात. म्हातारपणी या कमानीच्या आतल्या बाजूला चुनखडीसारखे थर साठलेले असतात. त्यांचा एखादा कण सुटला की तो सरळ मेंदूत जातो आणि पक्षाघात होतो. नळीच्या घड्यांत अडकलेली हवासुद्धा पुरते, म्हणून ती आधी कार्बन डायऑक्साइडने धुवून घेण्याची पद्धत आली. यातली खोच अशी की उघडी शस्त्रक्रिया झेपणार नाही म्हणून हायब्रिड ज्यांना सुचवली जाते, त्या वयस्कर, धूम्रपान केलेल्या रुग्णांच्याच कमानी सर्वांत जास्त कचऱ्याने भरलेल्या असतात.

दुसरा धोका नळीच्या वरच्या टोकाचा. ती चढत्या महाधमनीत, म्हणजे हृदयाच्या जवळ टेकवली आणि ती जागा आधीच रुंद, नाजूक असेल, तर नळीच्या कडेमुळे भिंत चिरते आणि फाट उलटी हृदयाकडे धावते. मग त्याच रुग्णाची छाती तातडीने उघडावी लागते. जी टाळायची होती तीच शस्त्रक्रिया, आणि तीही सर्वांत वाईट परिस्थितीत. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. तिसरा धोका मज्जारज्जूचा. कण्याला रक्त देणाऱ्या बारीक धमन्या महाधमनीतूनच निघतात. नळी जितकी खालपर्यंत झाकत जाते तितक्या त्या बंद होतात आणि शुद्धीवर आलेल्या माणसाचे पाय हलत नाहीत. म्हणून तर गोठलेल्या सोंडेची लांबी १५ वरून १० सेंटिमीटरकडे आणण्याकडे अनेकांचा कल झाला. बाहेरच्या चिरेची लांबी सगळेच विचारतात. या आतल्या पाच सेंटिमीटरबद्दल विचारणारा नातेवाईक विरळा.

हे धोके उघड्या शस्त्रक्रियेच्या धोक्यांपेक्षा जास्त आहेत असं मी म्हणत नाही. पुष्कळ रुग्णांसाठी ते नक्कीच कमी आहेत. मी म्हणतो, ते वेगळे आहेत आणि वेगळ्या वेळी येतात. उघड्या शस्त्रक्रियेची किंमत बरीचशी रोखीने, पहिल्याच महिन्यात द्यावी लागते. आतून टाकलेल्या नळीची हप्त्याहप्त्याने.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कमानीचा नाही, पोटातल्या महाधमनीचा आहे. ब्रिटनमध्ये १९९९ पासून झालेल्या ईव्हीएआर-१ या चाचणीत रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून निम्म्यांना उघडी शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना आतली नळी देण्यात आली. पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू होते ४.७ टक्के आणि १.७ टक्के. नळीचा विजय निर्विवाद होता. मात्र हाच गट १५ वर्षं पाहिला, तेव्हा आठ वर्षांनंतर नळीवाल्यांमध्ये मृत्यू जास्त निघाले आणि त्यात नळी बसवूनही फुगा फुटून झालेले मृत्यूही होते. पोटाचा निष्कर्ष कमानीला जसाच्या तसा लावता येणार नाही, नळ्याही आता सुधारल्या आहेत. पण पहिल्या महिन्याचा निकाल पाहून थांबलो असतो तर काय कळलं असतं, एवढं तरी त्यातून दिसतं. आणि कमानीच्या हायब्रिड शस्त्रक्रियेबद्दल आपण जे बोलतो ते बहुतांशी एकेका केंद्राच्या अनुभवांवर बेतलेलं आहे. त्या अनुभवांत हायब्रिड गटात थकलेले रुग्ण जास्त आणि उघड्या गटात धडधाकट जास्त, म्हणजे तुलना दोन्ही बाजूंनी वाकडी.

या वाकडेपणाचा सर्वांत मोठा फटका तरुणांना बसू शकतो. मार्फान किंवा लोइस-डिट्झ यांसारख्या जन्मजात आजारांत महाधमनीची भिंतच कच्ची असते. तिशीतल्या माणसाला छातीवर आयुष्यभराचा व्रण नको असतो, लवकर कामावर परतायचं असतं. "कमी त्रासाचं" हे आमिष त्याच्यासाठी सर्वांत गोड. पण कच्च्या भिंतीवर दाबाने टेकलेली नळी टिकत नाही. भिंत रुंदावत जाते, कडेने गळती सुरू होते किंवा टोकाशी नवी फाट पडते. म्हणूनच अशा रुग्णांसाठी मार्गदर्शक सूचना साधारणपणे उघडी शस्त्रक्रियाच पहिली मानतात. जीव वाचवण्याची घाई असेल किंवा नळीला टेकायला आधीच शिवलेली कृत्रिम नळी असेल, तर गोष्ट वेगळी. सत्तरीच्या फुप्फुसरोग्याला जी वाट तारते, तीच तिशीच्या मार्फान रुग्णाला पुढची चाळीस वर्षं महाग पडू शकते. शस्त्रक्रिया लहान की मोठी हे रुग्णाच्या उरलेल्या आयुष्याच्या लांबीवर ठरतं, चिरेच्या नाही.

मग करायचं काय? माझ्या मते पहिली गोष्ट म्हणजे ही शस्त्रक्रिया दोन्ही हात असलेल्या ठिकाणीच व्हावी. ज्या केंद्रात फक्त आतून नळी टाकता येते, तिथे प्रत्येक कमान नळीलायक दिसते. जिथे फक्त छाती उघडता येते, तिथे प्रत्येक कमान उघडण्यालायक. अमेरिकी हृदयरोग संघटनांच्या २०२२ च्या मार्गदर्शनाने महाधमनीसाठी अनेक शाखांच्या संघावर भर दिला आहे. युरोपीय आणि अमेरिकी हृदयशल्यतज्ज्ञांच्या २०२४ च्या संयुक्त मार्गदर्शनाने तर महाधमनीला एक स्वतंत्र अवयव मानावं असंच म्हटलं. हृदयशल्यतज्ज्ञ, रक्तवाहिनीतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि यंत्र सांभाळणारा परफ्युजनिस्ट एका टेबलाभोवती बसून ठरवतील, तर "माझ्या हातात हातोडा आहे म्हणून हा खिळा" हा प्रकार कमी होईल. संघ म्हणजे लेटरहेडवरची पाच नावं नव्हेत, एवढं मात्र जोडून सांगायला हवं. उलटी फाट पडली तर रात्री दोन वाजता छाती कोण उघडणार, याचं उत्तर तयार असणं म्हणजे संघ.

यावर आक्षेप ठरलेला आहे: मोजक्या केंद्रांत काम एकवटलं की दूरचा रुग्ण वाटेतच जाईल. हृदयाजवळची महाधमनी अचानक चिरल्यावर दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, हे वैद्यकाच्या पुस्तकांतलं जुनं गणित. आक्षेपात तथ्य आहे. पण अशा चिरलेल्या महाधमन्यांच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या २०२२ च्या विश्लेषणात, शस्त्रक्रिया न झालेल्यांतही सुरुवातीच्या ४८ तासांत हा दर तासाला साधारण अर्धा टक्का निघाला. म्हणजे वेळ मौल्यवान आहेच, पण अनुभवी हातांपर्यंतचा दोन तासांचा प्रवास पूर्वी वाटे तितका वेडेपणा नाही. शिवाय कमानीचे बरेच फुगे अशा घाईचे नसतातच. ते महिनोन्‌महिने मोजत, पाहत, ठरवून केले जातात. त्यांच्यासाठी जवळचं केंद्र हा निकष लावणं म्हणजे निव्वळ सोय.

दुसरी गोष्ट नोंदीची, आणि इथे माझा सूर जरा चढतो. मेडट्रॉनिक कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्ये छातीतल्या महाधमनीसाठीचा आपला व्हॅलियंट नॅव्हियन स्टेंट-ग्राफ्ट जगभरातून मागे घेतला. चाचणीतल्या तीन रुग्णांच्या नळीत तारा तुटलेल्या दिसल्या होत्या. त्या दिसल्या कारण ते रुग्ण चाचणीत होते आणि त्यांचे स्कॅन कोणीतरी वर्षानुवर्षं पाहत होतं. चाचणीबाहेरच्या रुग्णाचा स्कॅन होतो तेव्हा तो कोण पाहतं? आतली नळी घातलेल्याला पहिल्या वर्षात दोनतीनदा आणि मग दरवर्षी सीटी स्कॅन करायला सांगतात. किरणोत्सर्ग आणि मूत्रपिंडावर भार टाकणारं औषध, दोन्ही आलं. उपचार संपलेला नसतो, वर्षाला एकदा चालू असतो. आणि पैसे, दखल, कौतुक हे सगळं ऑपरेशनच्या दिवसाला मिळतं. पाचव्या वर्षीच्या स्कॅनला कोणी फीत कापायला येत नाही. प्रत्येक नळीची, प्रत्येक रुग्णाची, मृत्यूपर्यंतची सक्तीची नोंद ही परवान्याची अट असावी असं मला वाटतं. नोंद ठेवायला माणसं लागतात, खर्च येतो, हे मान्य. तो खर्च नळीच्याच खर्चाचा भाग धरावा.

संमतीचं काय, हे एका प्रसंगाने सांगतो. ज्या मायकेल डिबेकींनी महाधमनी शिवण्याचं शास्त्र उभं केलं, त्यांची स्वतःची चढती महाधमनी ३१ डिसेंबर २००५ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी चिरली. काय झालं आहे हे त्यांना लगेच कळलं, आणि शस्त्रक्रियेला त्यांनी नकार दिला. पुढे ते भानावर नसताना, घरच्यांचा आग्रह आणि नीतिसमितीतली खडाजंगी यांनंतर फेब्रुवारी २००६ मध्ये ऑपरेशन झालं. कित्येक महिने ते रुग्णालयात होते, त्यातून उठले, ऑपरेशन केल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केलं आणि २००८ मध्ये वयाच्या ९९ व्या वर्षी वारले. या गोष्टीतून प्रत्येकजण आपल्याला हवा तो अर्थ काढतो. मला त्यातला पहिला नकार महत्त्वाचा वाटतो. या शस्त्रक्रियेबद्दल सर्वांत जास्त ठाऊक असलेला माणूस चीर किती मोठी याचा विचार करत नव्हता. आपण यातून कोणत्या अवस्थेत बाहेर पडू, हा त्याचा प्रश्न होता. सामान्य रुग्णाला हाच प्रश्न विचारायची संधी द्यायची तर त्याच्यापुढे पक्षाघाताची, पाय जाण्याची, दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता त्याच केंद्राच्या आकड्यांत ठेवावी लागेल. जगभरच्या सरासरीत नाही.

आणि हे सगळं जुनं होण्याची वेळ जवळ आली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डाव्या हाताच्या धमनीसाठी स्वतःचीच फांदी असलेल्या एका स्टेंट-ग्राफ्टला मान्यता दिली. दोन-तीन फांद्यांच्या नळ्यांवर काम चालूच आहे. त्या स्थिरावल्या की मानेवरची चीरही जाईल, हायब्रिड हा शब्दही कदाचित विरून जाईल आणि "जांघेत फक्त एक भोक" असं सांगितलं जाईल. त्या पहिल्या मान्यतेनंतर नळी बसवलेल्यांचे दहाव्या वर्षाचे स्कॅन २०३२ पासून येऊ लागतील. ते कोणत्या वहीत लिहिले जाणार, ती वही कोणाच्या ताब्यात असेल आणि ती रुग्णाला उघडून पाहता येईल का, याचा निर्णय २०३२ मध्ये घेऊन चालणार नाही.